खिचडी हक्काची, शाळा मेहेरबानीची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला थांब्यावर उभं राहिलं, की एक व्हॅन हमखास दिसते. आत तीन-साडेतीन वर्षांची पोरं दाटीवाटीनं बसलेली असतात. गळ्यात टाय, पायात बूट, डोळ्यांत झोप. व्हॅन निघते ती पाच-दहा किलोमीटरवरच्या 'कॉन्व्हेंट'कडे. आपल्या वऱ्हाडात कॉन्व्हेंट म्हणजे मिशनऱ्यांची शाळा नव्हे. दोन खोल्या भाड्यानं घेऊन, भिंतीवर मिकी माऊस रंगवून सुरू केलेल्या नर्सरीलाही आपण कॉन्व्हेंटच म्हणतो. आणि त्याच गावात, मारुतीच्या पाराजवळ नाहीतर जिल्हा परिषद शाळेच्या आवारात, सरकारची अंगणवाडी असते. तिथं फी नाही, व्हॅन नाही, बाई गावातलीच. तरी ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो आपलं पोर व्हॅनमध्ये बसवतो. ज्याच्या हाती नाहीत तोही म्हणतो, यंदा कापूस बरा विकला तर बसवू.

असं का, म्हणून मी एका आजीबाईंना विचारलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : "पोट्टं जाते, खिचडी खाते अन् येते वापस. शिकवते कुठी तिथं?"

आजीबाईंचं म्हणणं सगळ्याच अंगणवाड्यांना लागू होत नाही. गाणी, गोष्टी, खेळ यांत मुलांना गुंगवून टाकणाऱ्या सेविका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पण लोकांची समजूत हीच आहे, आणि ती निव्वळ गैरसमजातून आलेली नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीकडे सहा कामं सोपवली गेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, मातांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सहातलं एक काम शिकवण्याचं. बाकीच्या पाचांची मोजदाद रोज होते. किती ताटं वाढली, किती वजनं घेतली, किती लसी झाल्या. शिकवण्याची मोजदाद करणारा रकाना मात्र कुणी मनावर घेतला नाही. ज्याचा हिशेब मागितला जात नाही ते काम मागं पडतं, हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

मी स्वतः बरीच वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. जून महिन्यात पहिलीत बसलेल्या पोरांकडे पाहिलं, की कुणाच्या मागं काय आहे ते दोन दिवसांत कळतं. एखादं मूल गोष्ट ऐकताना 'मग काय झालं?' असं विचारतं. त्याला गोष्टीला पुढचा भाग असतो हे माहीत असतं. दुसरं मूल गोष्ट चालू असताना उठून दाराशी जातं, कारण एका जागी बसून ऐकणं ही गोष्टच त्याला नवी असते. एकाला 'मोठ्यापासून लहानापर्यंत लाव' म्हटलं तर तो खडे लावतो. दुसरा खडे खिशात घालतो. यात हुशारीचा संबंध नाही. पहिल्यानं तीन वर्षं चिंचोके मोजले, पानं वेगळी केली, ओल्या मातीचे बैल केले, रांगेत उभं राहून हात धुतले. दुसरा तेवढी वर्षं आईबरोबर तुरीच्या धुऱ्यावर नाहीतर बहिणीच्या कडेवर होता. शिवाय भाषेचा प्रश्न. घरातली वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी यांत एक ओढा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या डोंगरपायथ्याच्या वस्त्यांतून येणाऱ्या आदिवासी मुलांच्या वाटेत तर नदीच आहे. तो ओढा सहा वर्षांआधी हसतखेळत ओलांडता येतो. पहिलीत गेल्यावर त्याच्या मागं अभ्यासक्रमाचं घोडं लागलेलं असतं.

आणि हेही स्पष्ट बोललं पाहिजे, की व्हॅनमध्ये बसून गेलेल्या पोराला यातलं बरंच मिळत नाही. तिथं साडेतीन वर्षांच्या मुलाकडून एक ते शंभर अंक गिरवून घेतात, परक्या भाषेतल्या कविता पाठ करून घेतात, आणि पालक खूश होतात, कारण वहीत लाल शाईचा शेरा दिसतो. बोटांची हाडंही नीट पक्की न झालेल्या पोरानं पानभर लिहिणं हे बालशिक्षण नव्हे. म्हणजे एकीकडे फुकट आहे पण शिकवणं दुबळं, दुसरीकडे फी आहे आणि शिकवणं उलट्या दिशेचं. यात कुणाचं पोर फायद्यात राहिलं?

या बाबतीत आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी इतकं मागं असायला नको होतं. बालशिक्षण आपल्याकडे परदेशातून आयात झालेलं खूळ नाही. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीला राहिल्या. पुढं १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम सुरू केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. इथवरचं काम शहरातल्या मध्यमवर्गाच्या मुलांचं होतं, आणि ताराबाईंना ते बोचत होतं. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं खेड्यात कोण घेणार? म्हणून १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात सतरंजी पसरायची, शंख-शिंपले, बिया, काड्या मांडायच्या, मुलांना न्हाऊ-माखू घालायचं आणि गाणी सुरू करायची. अंगणातली म्हणून अंगणवाडी. पुढं कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, म्हणजे धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीलाही शाळेत बसता यावं. साधी युक्ती आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत आपल्या गावांतून हिंडून पाहा, ती युक्ती आजही किती लागू आहे ते दिसेल. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई दिवस मावळताना वावरातून येते. मधल्या वेळेचं काय, याचं उत्तर घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी असते.

गंमत अशी, की सरकारनं पुढं अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. पण ताराबाईंच्या अंगणवाडीचा गाभा शिकणं हा होता, आणि सरकारी अंगणवाडीत तो सहाव्या हिश्श्याला आला.

आता कायद्याकडे वळू. हा भाग थोडा कोरडा आहे, पण पुढाऱ्याशी बोलताना हाच उपयोगी पडतो. घटना अमलात आली तेव्हा ४५ व्या कलमात म्हटलं होतं, की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. 'सहा ते चौदा' असं तिथं नव्हतं. 'चौदापर्यंत' होतं. म्हणजे तीन वर्षांचं मूलही त्यात धरता येत होतं. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झाला, त्याचा आनंद झाला, पण तो सहा ते चौदा या वयासाठी. सहा वर्षांखालच्यांना नव्या ४५ व्या कलमात बसवलं, जिथं राज्य फक्त 'प्रयत्न करील'. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं ११ वं कलम तर आणखी मऊ आहे. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल'. करू शकेल म्हणजे नाही केलं तरी चालेल.

याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार हक्क म्हणून दिला. खिचडी मिळाली नाही तर दाद मागता येते. गाणं, गोष्ट, रंग, खडू मिळाले नाहीत तर मागता येत नाही. त्या आजीबाईंच्या एका ओळीच्या मागं हा सगळा कायदा उभा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत स्तर मानला. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे वाक्यही त्याच धोरणातलं. ते आता प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येतं. २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचं उद्दिष्टही त्यात आहे. केंद्रानं २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' असा कार्यक्रम काढला, सेविकांची प्रशिक्षणं सुरू केली. दिशा चांगली आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, ही जुनी फाळणी तशीच राहिली. पहिलीचं पोर कच्चं निघालं तर शिक्षण विभाग अंगणवाडीकडे बोट दाखवतो. अंगणवाडीचे लोक म्हणतात, आमच्याकडे पोषणाचे आकडे मागतात, अक्षरांचे नाही. दोघंही खरं बोलतात.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी एकच बाई आहे. आहाराची नोंद तीच करते, वजन तीच घेते, गरोदर बायांच्या घरी तीच जाते. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर माहिती भरण्याचं काम मागं लागलं. निवडणूक आली की पुष्कळ ठिकाणी मतदार यादीचं कामही तिच्याकडेच. गावातल्या प्रत्येक मतदाराचं नाव जिच्या वहीत, तिचा प्रश्न कुठल्याच उमेदवाराच्या वहीत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप पुकारला आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. मोर्चे त्यांनीच काढले, घोषणा त्यांनीच दिल्या. आमच्या पोरांचं काय, म्हणून पालकांचा एखादा मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सेविकेचं मानधन १० हजारांवरून १३ हजार केलं. ते मिळालं ते त्यांनी भांडून मिळवलं. 'मानधन' या शब्दावर मात्र कुणीतरी एकदा विचार करायला हवा. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा त्यांचं काम कायद्यानं नेमलेलं आहे, त्यात शिक्षण हक्क कायद्यातलं पूर्वप्राथमिक शिक्षणही येतं, असा मुद्दा न्यायालयानं मांडला होता. शिक्षकाचं काम, आणि मोबदल्याला नाव मानधन.

एक अधिकची बाई दिली तर काय होईल? याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. तमिळनाडूत चार जिल्ह्यांतल्या ६४० अंगणवाड्यांमध्ये अर्थतज्ज्ञांनी याची चाचणी घेतली. निम्म्या अंगणवाड्यांना अर्ध्या दिवसाची एक जादा कार्यकर्ती दिली, तिनं फक्त मुलांना शिकवायचं. अठरा महिन्यांनी पाहिलं तेव्हा शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं होतं. आणि जुन्या सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाल्यामुळे मुलांमधला खुजेपणाही कमी झाला होता. जादा बाई नेमायला किती खर्च आला, तर पुढं होणाऱ्या फायद्याच्या मानानं अगदी थोडा. आमदारांना, खासदारांना सांगण्यासारखं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही, कारण ते आपल्याच देशातलं, आपल्याच अंगणवाडीतलं आहे.

सरकारनं मनावर घेतलं तर हालचाल होते, याचा दाखला खुद्द आपल्या राज्यातही आहे, आणि त्याला नाव आपल्या जिल्ह्याच्या लेकीचं आहे. २००५ मध्ये राज्यानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. पाठपुरावा झाला, रिक्त जागा भरण्यावर जोर दिला गेला, पहिल्या दोन वर्षांवर लक्ष एकवटलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आलं. सगळं श्रेय मिशनचं असं कुणी म्हणणार नाही. पण बालकांच्या प्रश्नावर शासन हलू शकतं, एवढं त्यातून नक्की दिसलं. मग तीन ते सहाच्या शिकण्यासाठी ते का हलत नाही?

माझं उत्तर असं : मागणारा कायम बदलतो. रस्ता खराब असला तर गाव वीस वर्षं तक्रार करतं. पाण्याचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालतो. पण एखाद्या घरात तीन ते सहाचं मूल असतं ते तीनच वर्षं. पालकांना प्रश्न कळेपर्यंत पोर पहिलीत जातं, आणि तो विषय घरापुरता संपतो. मुलांना मत नाही, आईबापांना वेळ नाही, आणि ज्यांना वेळ आहे त्या आजी-आजोबांना हा विषय आपला वाटत नाही. पुढाऱ्यालाही दोष किती द्यायचा? सभामंडप बांधला तर त्यावर आमदार निधीची पाटी लागते. पोरानं चिंचोके नीट मोजले, त्यावर पाटी कुठं लावायची?

परदेशात हा प्रश्न थेट मतदारांपुढं गेल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात २०१२ साली नागरिकांना विचारलं गेलं, की चार वर्षांच्या मुलांच्या शाळेसाठी विक्रीकरात थोडी वाढ सोसाल का? लोकांनी होकार दिला. न्यू मेक्सिको राज्यात २०२२ मध्ये कायमस्वरूपी निधीतला काही भाग बालशिक्षणाकडे वळवण्यासाठी राज्यघटना बदलायची होती, तिथं सुमारे सत्तर टक्के मतं बाजूनं पडली. दोन्ही ठिकाणी आधी कित्येक महिने, वर्षं लोक दारोदार फिरले होते. आपल्याकडे असं सार्वमत नसतं. पण ग्रामसभा असते, जी त्यांच्याकडे नाही.

मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे गेला. महिला व बालकल्याण समितीचा सभापतीच नाही, मग जायचं कुणाकडे, असं लोक विचारत. प्रश्न बरोबर होता. पण ग्रामपंचायती होत्या, आणि तिथलं काम अडलं नव्हतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. लहान गावात ती रक्कम थोडीच निघते, हे मान्य. तरी एक फळा, चार सतरंज्या, चित्रांची पुस्तकं आणि नळाची तोटी एवढं त्यातून होतं. ती रक्कम मागच्या वर्षी कशावर गेली, हे विचारायचा अधिकार ग्रामसभेतल्या प्रत्येकाला आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती कागदावर होते. ती खरी होऊ द्या. हा विषय बायांनी बायांच्या सभेत मांडला तर दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत तो टाळणं सरपंचाला जड जातं.

तिथं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, आकडे घेऊन जा. गावात तीन ते सहा वयाची मुलं किती, पटावर किती, रोज येतात किती. कॉन्व्हेंटला किती जातात आणि सगळ्या घरांची मिळून वर्षाची फी किती होते. हा शेवटचा आकडा जरूर काढा. एकेका घराला तो दिसत नाही. गावाची बेरीज मांडली की सभेत शांतता पसरते. सेविकेला बरोबर घ्या, तिच्यावर चाल करून जाऊ नका. तिच्या डोक्यावरची कामं लिहून काढली तर अर्धा मुद्दा तिथंच सिद्ध होतो.

ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही, तिच्यासाठी १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लक्षात ठेवा. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. वीटभट्टीवरच्या, शहराच्या कडेच्या झोपडपट्टीतल्या लोकांनाही तो लागू आहे. मागणी मात्र लेखी हवी.

आणि वरच्या पुढाऱ्यांना गाठायला मुंबईला जावं लागत नाही. दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला राज्यभरातले नेते येतात. आईच्या संस्कारांवर बोलतात, चांगलंच बोलतात. व्यासपीठावरून उतरताना त्यांच्या हातात एक निवेदन द्या. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. पुढची निवडणूक येईल तेव्हा या सातही ठिकाणच्या प्रत्येक उमेदवाराला तीनच गोष्टी विचारा. अंगणवाडीत शिकवण्यासाठी दुसरी बाई देण्याच्या बाजूनं तुम्ही बोलाल का? सहा वर्षांखालच्या मुलांचं शिक्षण हक्कात यावं, कलमातलं 'करू शकेल' जाऊन 'करील' यावं, म्हणून सभागृहात प्रश्न विचाराल का? आणि तुमची स्वतःची नातवंडं कुठं जातात? तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतात, उमेदवारही हसतो, पण उत्तर देताना थोडा थांबतो.

निवेदन असो की ग्रामसभेचा ठराव, भाषा साधी ठेवा, एका पानात बसवा. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आयांची नावं घाला. एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, एक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला, एक आमदारांच्या कार्यालयाला. देताना स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. दोन महिन्यांनी चौकशीला जाल तेव्हा साहेब बदललेले असतील, तो क्रमांक तोच असेल.